हो म्हणणारा अंगठा

त्या मंगळवारी सकाळी माझे पती दूध आणायला स्कूटर घेऊन निघाले. गोळीबार चौकात ऑटोची धडक बसली. पायाच्या नडगीचे हाड मोडले. संध्याकाळी ऑपरेशन झाले आणि हाडात सळई बसवली. घरी हातमागावर अर्धी साडी होती.

ती साडी माझी होती, म्हणजे व्हायची होती. विणकराच्या घरचा मुलगा म्हणून ह्यांनी लग्नात चार लोकांदेखत कबूल केले होते, की बायकोची पहिली साडी मी स्वतः विणून देईन. मग हे बुटीबोरीच्या कापड कारखान्यात लागले आणि सारी नोकरी यंत्रावर परक्यांच्या शर्टांचे कापड काढण्यात गेली. मी शाळेत मराठी शिकवत होते, दुकानातून साड्या घेत होते आणि दर पाडव्याला विचारत होते, “अहो, पहिली साडी कुठवर आली?”

“कापूस तर निघू दे वं आधी,” हे म्हणत.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी मागच्या खोलीतला सासऱ्यांचा हातमाग साफ केला. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. त्या खड्ड्यात तोवर कांदे, एक बिजागरी तुटलेली सुटकेस आणि माझे जुने दिवाळी अंक राहत होते. सगळ्यांना बाहेर काढून ह्यांनी ताणा, म्हणजे साडीची उभी सुते, चढवला आणि करवतकाठी साडी सुरू केली.

माझे माहेर कुहीकडचे, धानाच्या शेतीतले. मागाचे मला काही कळत नाही. पण मी उंबऱ्याशी बसून मोठ्याने कादंबरी वाचायची आणि हे विणायचे, असा आमचा दुपारचा कार्यक्रम ठरून गेला. पुस्तकातल्या माणसांशी ह्यांचे फार लवकर वाकडे येई. “हा मुका हाय काय? सांगून टाक म्हणा ना तिले!” असे म्हणून आडवे सूत नेणारा धोटा थांबवत. मी म्हणे, “आत्ता सांगितले तर पुस्तक संपेल.” “संपू दे. दोघं सुखी होतीन.”

बसल्या बसल्या मी ह्यांचे पाय पाहत असे. खड्ड्यात दोन पट्ट्या असतात, त्यांना पावड्या म्हणतात. एक दाबली की ताण्याची अर्धी सुते वर जातात, दुसरी दाबली की उरलेली. प्रत्येक पावडीला एक दोरी असते. ती पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची, दाबायची, सोडायची. डावा, उजवा, डावा, उजवा. हात काय करतात ते सगळ्यांना दिसते. पायाचे काम घरच्यांनाच माहीत.

मोडला तो डावा पाय.

हाड छान जुळले. डॉक्टर खूश होते. हे तर इतके खूश, की एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सळई दाखवू लागले. “लोखंडाचा माणूस झालो,” असे सांगत. वॉकर गेला, काठी आली. काठी सुटली तेव्हा अंगठ्याचे लक्षात आले.

हे पलंगावर पाय सोडून बसले की अंगठा सरळ. चवडा आपल्याकडे ओढला की अंगठा आपोआप खाली वाकायचा, दाराशी आलेल्या माणसाला मान लववून नमस्कार करावा तसा. चवडा सोडला की पुन्हा ताठ. ह्यांनी वाकवलेला नसे. ह्यांनी थांबवायचे म्हटले तरी थांबत नसे.

दुसऱ्या कोणी असे काही पाहिले असते तर तो घाबरला असता. ह्यांनी आधी गंमत करून घेतली.

समोरच्या घरच्या वहिनी चौकशीला आल्या होत्या. त्यांच्या मुलीचे लग्न जमत नव्हते, आणि त्या कोणाच्याही चौकशीला गेल्या तरी बोलणे तिथेच पोचायचे.

“वहिनी,” हे गंभीर चेहरा करून म्हणाले, “काही विचारायचं असन तर विचारून घ्या. पायात सळई टाकली तेव्हापासून हा अंगठा कौल देते.”

“काय गंमत करून राहिले भाऊजी!”

“विचारा तर.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी पुस्तकात पाहिले. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, “मायी पोरगी... दिवाळीच्या आत जमन काय तिचं?”

ह्यांनी चवडा वर घेतला. अंगठा लवला.

“अगं बाई!” म्हणून वहिनींनी हात जोडले.

त्या गेल्यावर मी म्हटले, “अहो, तो प्रत्येकालाच हो म्हणणार.”

“म्हणूनच तर लोक येतीन. नाही म्हणणाऱ्या देवाकडे कोण जाते?”

आणि दिवाळीच्या आत त्या मुलीचे खरोखर जमले. वहिनी पेढे घेऊन आल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी अंगठ्याला कुंकू लावले. त्यानंतर गल्लीतल्या बाया काही ना काही निमित्त काढून येऊ लागल्या. कोणाच्या सुनेची बदली, कोणाच्या नातवाचा दहावीचा निकाल. मी आयुष्यभर मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले आणि म्हातारपणी अंगठ्याच्या दर्शनाला आलेल्यांसाठी चहा टाकत बसले. एकदा कंटाळून मीही विचारले, “माझी साडी होईल का?”

अंगठा अगदी जमिनीला लागेल इतका लवला.

“पाहा,” हे म्हणाले, “तुले तर जरा जास्तच मान देऊन राहिला.”

मग हे मागावर बसले. मी उंबऱ्याशी पुस्तक उघडले. जिथे थांबलो होतो तिथून वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळींत मागावरून कटकट असे आवाज आले. सुते तुटली होती. डावी पावडी दाबून झाल्यावर पाय वर आला की अंगठा वाकायचा आणि दोरीला आकड्यासारखा अडकून बसायचा. उजवा पाय आपले काम करायला जाई तेव्हा डावा सोडत नसे. दोन्हीकडून ओढ बसली की मधल्या सुतांचा जीव जाई. ह्यांनी सुते जोडली, पुन्हा बसले. पुन्हा तुटली. पुन्हा जोडली.

मी वाचायची थांबले होते हे त्यांना बऱ्याच वेळाने कळले. कौल नाही, गंमत नाही. अंगठ्याचे टोकही सोलवटले होते, कारण चालताना तो जमिनीवर घासत असे. त्या दिवशी ह्यांनी चहासुद्धा नको म्हटला.

ह्यांचे धाकटे भाऊ खाप्याला राहतात आणि अजून विणतात. मी सुचवले, “भाऊजींना बोलावू. राहिलेली साडी ते काढून देतील.”

“बायको मायी, साडी मायी, अन् पाय त्याचा?”

विषय तिथे संपला.

पुढचा प्रकार मी वाचनालयात गेले असताना झाला. विणकर ताणा चढवण्याआधी सुताला खळ लावतात, म्हणजे भाताची पेज कुंच्याने चोपडतात. खळ लावलेले सूत एकमेकांत अडकत नाही, सरसर सरकते. पायात काहीतरी अडकते आहे एवढे ह्यांना उमगलेच होते. आणि अडकलेल्या गोष्टीवर ह्यांच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच इलाज माहीत. मी परत आले तेव्हा हे पाय लांब करून उन्हात बसले होते आणि गुडघ्यापासून बोटांपर्यंत पाय पांढरा, कडक, चकचकीत झाला होता.

“हे काय?”

“खळ.”

“पायाला?”

“आतपर्यंत मुरली पाहिजे. दोन हात दिले.”

मुरली नाही, मुंग्या आल्या. भाताचा वास त्यांना पार अंगणातून लागला असावा. त्या भिंतीवरून, पलंगाच्या पायावरून आणि मग ह्यांच्या पायावरून रांगेने चढू लागल्या. हे एका पायावर नाचत “पाणी आण वं, पाणी!” म्हणून ओरडत होते. नेमकी त्याच वेळी पायाचा व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आली. तिने दारातूनच पाय पाहिला.

“काका, प्लास्टर कोणी घातलं? आपलं तर ठरलं नव्हतं.”

“प्लास्टर नाही, पेज आहे,” मी म्हटले.

ती बिचारी हसू दाबत खाली बसली आणि आम्ही दोघींनी कोमट पाण्याने पाय धुतला. धुताना तिने अंगठा सरळ करून चवडा वर ढकलला, सोडला, पुन्हा ढकलला. मग हसणे बंद झाले. “हा व्यायामाने सुटेल असं वाटत नाही, काका. डॉक्टरांना दाखवा. आणि टोकाची जखमही दाखवा.”

डॉक्टरांनी कागदावर पाय काढला. पोटरीतून एक दोर निघतो, घोट्याच्या मागून तळव्याखाली जातो आणि अंगठ्याच्या टोकाला बांधलेला असतो. इंग्रजीत टेंडन. मी घरी येऊन शब्दकोशात पाहिले, मराठीत कंडरा. हाड जिथे मोडले आणि भरून आले, तिथे हा दोर त्या भरलेल्या जागेला चिकटून बसला होता. चिकटला म्हणून आखूड झाला. चवडा वर केला की दोर कमी पडे आणि तो अंगठ्याला खाली ओढून घेई. हाडाच्या ऑपरेशनमध्ये काही चुकलेले नव्हते. असे कधीकधी होते, ते म्हणाले.

“म्हणजे ताणा अडकला,” हे म्हणाले.

“तसंच समजा. तो मोकळा करून थोडा लांब करावा लागेल. मधून तिरका कापायचा, एकमेकांवरून सरकवायचा आणि पुन्हा शिवायचा.”

“कापाचा?”

“हो.”

“अन् पकड?”

डॉक्टर खरे बोलणारे होते. “अंगठा सरळ होईल, जखम भरेल, चालणं सुधारेल. पण लांब केलेल्या दोराची ताकद कमी होते. चप्पल धरून ठेवाल. तुमची ती दोरी धरता येईल का, हे मला सांगता येणार नाही.”

हे माझ्याकडे पाहू लागले. ऑपरेशन नाही केले तर अंगठा दोरी सोडणार नाही, केले तर कदाचित धरणार नाही. साडी दोन्हीकडून अडली होती. मला म्हणायचे होते, की जाऊ द्या, माझ्याकडे साड्या आहेत. पण तेवढ्यात ह्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“डॉक्टरसाहेब,” हे म्हणाले, “शिवता तेव्हा गाठ कोणती मारता?”

“का?”

“मायं सारं आयुष्य तुटलेलं जोडण्यात गेलं. मले पाहू द्या तुमची गाठ. पसंत पडली तर कापा.”

बाहेर पेशंटची रांग होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी कोपराने ढोसले तर हे सरकून बसले. खिशातून सुताची लड काढली. ती त्यांच्या खिशात नेहमी असायची, दुसऱ्यांच्या खिशात तंबाखूची डबी असते तशी. आधी स्वतः विणकराची गाठ मारून दाखवली. दोन टोके, एक वळसा, चिमटी, ओढ, झाले. टेबलावर गाठ ठेवली. बोट फिरवले तरी लागू नये इतकी बारीक. “आता तुमी.”

डॉक्टर हसले. त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरच्या मुठीभोवती सूत टाकले, एक टोक डाव्या हातात नुसते ताणून धरले आणि उजव्या हाताच्या बोटांनी, फक्त बोटांनी, गाठ मारली. मग त्यावर दुसरी. मग तिसरी. ह्यांचे तोंड उघडेच राहिले.

“एका हातानं?”

“दुसऱ्या हातात कात्री असते.”

“पुन्हा एक डाव करा.”

डॉक्टरांनी पुन्हा केले. ह्यांनी मुठीवरची गाठ ओढून पाहिली, नखाने उकलून पाहिली. सुटली नाही.

“तुमच्या घरी माग होता काय गा कोणाकडे?”

“नाही हो. वडील पोस्टात होते.”

“कमाल आहे,” हे म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, “तारीख घे वं.”

ऑपरेशन झाले. टाके निघाल्यावर ह्यांनी चवडा वर घेतला. अंगठा सरळच राहिला, शाळेत नव्याने आलेल्या मास्तरासारखा. टोकाची जखम भरत आली. वहिनी मुलाच्या नोकरीचे विचारायला आल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारले, मग मोठ्याने विचारले.

“भाऊजी, हा तर काही बोलूनच नाही राहिला.”

“तो रिटायर झाला,” हे म्हणाले. “मायासारखा.”

वहिनी बऱ्याच हिरमुसल्या. मला वाटते आमच्या घरी सरळ झालेल्या अंगठ्याचे दुःख वाटलेली ती एकटीच बाई.

मग माग. अंगठ्याने दोरी धरली, आणि पाय वर घेताच ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. डॉक्टर म्हणाले होते तसेच झाले. मी पुस्तक मिटले. हे म्हणाले, “तुयी जुनी साडी हाय काय एखादी? नरम?”

मी एक विटलेली सुती साडी दिली. ती ह्यांनी टराटरा फाडली, पट्टा केला आणि डावा पाय पावडीला बांधून टाकला. पाय पावडीबरोबर खाली, पावडीबरोबर वर. अंगठ्याला काही विचारायचेच नाही. चाल लंगडी झाली. डाव्या ठोक्यानंतर एक विसावा, मग उजवा. पण साडी पुढे सरकू लागली.

अडचण एकच होती. बांधलेला पाय खड्ड्यात वाकून सोडणे त्यांना जमत नसे. दारावर कोणी आले, कुकरची शिट्टी झाली, की “सोड वं मले!” अशी हाक यायची. कोणी पाहुणा आत डोकावला तर हे पायाकडे बोट दाखवून सांगत, “पाहा, कसा बांधून ठेवला हिनं. साडी झाल्याशिवाय सोडत नाही म्हणते.” लोक माझ्याकडे पाहत. मी पान उलटत असे.

सुते अधूनमधून तुटतच. आता ह्यांनी विणकराची गाठ सोडून दिली आणि डॉक्टरची गाठ धरली. एका हाताने मारण्याचा सराव पलंगाच्या दांडीवर, खिडकीच्या गजावर, एकदा माझ्या चष्म्याच्या काडीवरसुद्धा झाला होता. ती गाठ सुतावर जाड उमटे. मी म्हटले, “उलट्या बाजूने हाताला लागते.”

ह्यांनी बोट फिरवून पाहिले. “माणसाले चालते,” ते म्हणाले, “सुताले नाही चालत.” तरीही मारत राहिले. नवीन शिकलेली गोष्ट कोण सोडतो?

ताणा बराच वाया गेल्यामुळे पदर आखूड झाला. साडी उतरवायच्या दिवशी मी खड्ड्यात पाहत उभी होते. ह्यांनी कात्री घेतली आणि कापड कापले, पण ताण्याची सुते ज्या फणीच्या दातांतून जातात, त्या फणीतली सुते काढली नाहीत. टोके लोंबत ठेवली.

“ही कशाला?”

“फणी उघडी टाकत नसतात. पुढचा ताणा याच टोकांले जोडाचा. नाही तर सारं पहिल्यापासून ओवा लागते.”

“पुढची साडी कोणाची?”

“दुसरी बायको करीन म्हणतो.”

“पहिलीला पहिली साडी द्यायला एवढी वर्षे लागली. दुसरीला सांगून ठेवा.”

मी साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिले. “पदर आखूड आहे हो.”

“तू कोणती उंच हायेस?”

पुढच्या उन्हाळ्यात हे गेले. जेवण झाले, पंखा मोठा कर म्हणाले, आणि हृदय थांबले. पायाचा त्यात काही संबंध नव्हता.

राख सावडायला खाप्याचे भाऊजी गेले होते. परत आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन. दारातच उभे राहिले.

“वहिनी, हे अस्थीमधी सापडलं. नदीत टाकू का काय करू? बामण म्हणते, लोखंड नाही टाकत.”

मी कागद उघडला. खिडकीच्या काचेवर एवढे दिवस पाहिलेली ती सळई होती. प्रत्यक्षात जरा बारीक वाटली. “राहू द्या इथेच,” मी म्हटले. भाऊजी म्हणाले, “दादा असता तर म्हणाला असता, घासून घ्या, कामात येईन.” आम्ही दोघे हसलो. सुतकातल्या घरात हसलो म्हणून आतून कोणीतरी डोकावून गेले.

समोरच्या वहिनी परवा येऊन गेल्या. त्यांच्या मुलाला नोकरी लागली. बोलता बोलता त्यांनी पलंगाच्या त्या टोकाकडे पाहिले, जिथे ह्यांचे पाय असत. मीही पाहिले.

सळई पुस्तकांच्या कपाटात आहे. साडी मी सणाला नेसते. पदर खांद्यावरून खाली फारसा येत नाही, आणि डॉक्टरच्या गाठी पाठीला लागतात. फणीत सुतांची टोके आहेत.